चाल कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक लहानसा खटला उभा राहिला. फिर्यादी होती आमची आई, वय वर्षे ७८, साताऱ्याकडच्या खेड्यातून तीन महिन्यांसाठी इकडे आलेली. आरोपी होते आमची धाकटी कन्या आणि तिचे दोन मराठी दोस्त, तिघेही शाळकरी. न्यायासनावर आम्हांला बसवण्यात आले, आणि निकाल देता देता आमच्या ध्यानात आले की आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीही उभे राहायला हवे होते. या पानाचे वाचकही त्यातून सुटतील असे दिसत नाही, म्हणून ही हकीकत.

आमचे वाखनिंगन हे ऱ्हाईनच्या काठचे गाव. शेतकीच्या विद्यापीठामुळे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत त्याचे नाव ऐकून माहीत असते. मराठी घरे मोजकीच. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी हॉलंडभर पोरे रस्त्याकडेला सतरंजी पसरतात आणि आपली जुनी खेळणी विकायला बसतात. तिथून आमच्या धाकटीने एक जुना गेम बॉय आणि टेट्रिसची कॅसेट घासाघीस करून आणली. वरून पडणाऱ्या विटा फिरवून फिरवून रचायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते, एवढाच खेळ. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि एस.टी. स्टँडवर ‘ब्रिक गेम’ म्हणून जे डबडे मिळायचे, त्याचाच हा बाप. आठवडाभर घरात तीच एक चाल वाजत होती. भांडी घासताना ती आमच्याही तोंडात बसली.

मुलांना त्यातून कल्पना सुचली, असा खेळ मराठीत का नसावा? संगणकावर फुकट मिळणारा, कुणीही बदलावा अशी मुभा असलेला एक खेळ त्यांनी शोधून काढला. विटांच्या जागी अक्षरे बसवली. काना, मात्रा, वेलांटी नीट जुळून शब्द झाला की ओळ नाहीशी. कामगिरी खरोखरच कौतुकाची होती. आता संगीत हवे. मागे पुतण्याच्या लग्नात हळद दळताना आईने जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. त्या कुणीतरी फोनवर घेऊन ठेवल्या होत्या. मुलांनी त्यातला तुकडा कापला, खाली ढोल लावला, आणि खेळाचा वेग वाढेल तसा ओवीचाही वेग वाढेल अशी योजना केली. हल्लीच्या भाषेत ‘रीमिक्स’.

जूनमधल्या एका रविवारी पाच-सहा घरची मंडळी जमली असता हा खेळ भिंतीवर मोठा करून दाखवला. टाळ्या पडल्या. ‘आजी, तुमचा आवाज!’ म्हणून सगळ्यांनी आईकडे पाहिले. आई काही बोलली नाही. पाने घेतली, जेवणे झाली, पाहुणे गेले. मग रात्री नातीला जवळ बसवून तिने विचारले, “बाळ, ही चाल कुणाची म्हणून लिवलंय तुम्ही?”

कुठेच लिहिले नव्हते.

“आणि एवढ्या वेगात जातं फिरवलं तर पीठ पडत न्हाई, भरडा पडतो,” असे म्हणून ती झोपायला गेली.

तेव्हा फिर्याद अशी दुहेरी होती. चाल बिघडवली, हे एक. चालीचे नाव घेतले नाही, हे दुसरे. यातले पहिले कलम फार टिकले नाही, ते कसे ते पुढे येईलच. दुसऱ्याचा मात्र आम्ही महिनाभर विचार करीत आहो.

मुलांच्या बाजूने बोलायचे तर त्यांनी जे केले ते या खेळांच्या जगात नित्याचेच आहे. टेट्रिसचेच उदाहरण घ्या. अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ साली मॉस्कोत रचला. गेम बॉयवर तो आणण्याचे हक्क मिळवायला फेब्रुवारी १९८९ मध्ये जे गृहस्थ मॉस्कोला जाऊन धडकले ते हेंक रॉजर्स, १९५३ साली इथे अ‍ॅमस्टरडॅमला जन्मलेले आणि त्या वेळी जपानात धंदा करणारे. गेम बॉयचे संगीत हिरोकाझू तनाका यांनी बांधले. त्या यंत्राला आवाजाच्या चारच वाटा. दोन पिपाणीसारख्या, एक जराशी गोल आवाजाची, एक नुसत्या खरखरीची. एवढ्यात दोन-तीन मिनिटेही न चालणारा तुकडा पुनःपुन्हा वाजवायचा, आणि ऐकणारा तासन्‌तास खेळला तरी कंटाळता कामा नये. अशा वेळी शेकडो तोंडांतून घासून गुळगुळीत झालेली जुनी चाल हाताशी असणे हे वरदानच. तनाकांनी खेळणाऱ्याच्या निवडीसाठी तीन चाली ठेवल्या. एक स्वतःची, एक बाखच्या फ्रेंच स्वीटमधली, आणि तिसरी, जी आमच्या घरात आठवडाभर घुमत होती ती, ‘कोरोबेनिकी’ या रशियन लोकगीताची.

हे कोरोबेनिकी म्हणजे पाठीवर पेटी घेऊन गावोगाव कापड-मणी विकणारे फेरीवाले. निकोलाय नेक्रासोव या कवीने १८६१ साली त्यांच्यावर एक दीर्घ कविता लिहिली, आणि तिच्यातले शब्द लोकांच्या तोंडी गाणे होऊन बसले. आज पृथ्वीच्या पाठीवर ती चाल गुणगुणणारी माणसे असंख्य असतील. त्यांतल्या बहुतेकांना विचारा, ते सांगतील, “ही टेट्रिसची चाल.” फेरीवाला गेला, कवी गेला, ज्या बायाबापड्यांनी ती चाल घडवली त्या तर आधीच गेल्या होत्या. चाल अमर झाली आणि चालीचे गाव पुसले गेले, दोन्ही एकाच कॅसेटने केले.

पुढची गंमत आणखी मोठी आहे. कोडी सोडवायच्या या खेळांत एका देशाचा खेळ दुसऱ्या देशात नेताना त्याचे कपडेच बदलायची पद्धत पडली. जपानच्या कंपाइल कंपनीचा ‘पुयो पुयो’ हा रंगीत थेंब जुळवायचा खेळ. पश्चिमेत सेगाने १९९३ साली तो आपल्या डॉक्टर रोबोट्निकच्या नावाने आणला. निन्टेंडोच्या यंत्रावर तोच खेळ १९९५ साली गुलाबी गोळ्यासारख्या कर्बीच्या नावाने आला. युरोपात त्याचे नाव ‘कर्बीज घोस्ट ट्रॅप’. मूळ पात्रे गेली, कर्बीची माणसे आली, आणि कर्बीच्या आधीच्या खेळांतल्या चाली नव्याने बांधून इथे वाजू लागल्या. ‘पॅनेल दे पोन’ हा १९९५ सालचा जपानी खेळ पऱ्यांचा. १९९६ साली बाहेर आला तेव्हा पऱ्या नाहीशा झाल्या होत्या, त्यांच्या जागी योशी नावाचा हिरवा प्राणी होता, संगीतात त्या योशीच्या खेळातल्या चाली मिसळल्या होत्या, आणि नाव होते ‘टेट्रिस अटॅक’. त्या खेळाचा टेट्रिसशी काडीचा संबंध नव्हता. २००० साली तोच खेळ पुन्हा पोकेमॉनच्या नावाने, पोकेमॉनच्या गाण्यांसह बाजारात आला. एकच सांगाडा, तीन संसार.

यावर नाके मुरडायचा आमचा विचार नाही, कारण मराठी माणसाला तो अधिकारच नाही. आपल्या संगीत रंगभूमीचा पाळणा याच पद्धतीने हलला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभे केले. नाटक कालिदासाचे. चाली कुठल्या? साकी, दिंडी, लावणी, कीर्तनात रुळलेली पदे, आणि अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, तेव्हा कानडी चालीही. संस्कृत नाटकाला मराठी कपडे घातले आणि आपल्या लोकांच्या ओळखीच्या चाली त्यात पेरल्या. आजच्या खेळवाल्यांनी काय वेगळे केले? १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांना मराठी शब्द चढवले. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या. ज्यांनी कधी मैफल ऐकली नाही अशा कारकून-दुकानदारांच्या कानांवर राग पडले ते या उसनवारीमुळे. उसनवारी वाईट असती तर आपल्याकडे नाट्यसंगीत झालेच नसते.

पण एक बारीकशी गोष्ट वाचकांपैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. नाटकाची जुनी पुस्तके उघडा. पदाच्या डोक्यावर एक छोटी ओळ छापलेली असते: ‘चाल’, आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. कुठे रागाचे नाव, कुठे तालाचे. सहज ठेवलेली ओळ, कायद्याने मागितलेली नव्हे. गाणाऱ्याला चाल कळावी एवढाच तिचा व्यावहारिक हेतू असेल. पण त्या एका ओळीने उसने घेणे आणि उचलेगिरी यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. नाटककाराने जणू सांगून टाकले की शब्द माझे, चाल मी घेतलेली, आणि घेतली ती इथून.

ती ओळ आपण कधी गाळली? आमच्या मते ध्वनिमुद्रिका, कॅसेट, तबकडी असे करत करत ती अस्पष्ट होत गेली, आणि फोनच्या काळात तर पुसलीच. गाणे आता पुस्तकातून येत नाही, कुणीतरी पाठवते. पाठवणाऱ्याचे नाव कळते, बांधणाऱ्याचे कळत नाही. २००२ साली ‘कांटा लगा’ लग्नाच्या वरातींतून धडाडले, तेव्हा नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की ते १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातले, राहुल देव बर्मन यांचे आणि लताबाईंनी गायलेले गाणे आहे? त्या काळी रीमिक्सवर पुष्कळ आरडाओरडा झाला. तो बहुतेक कपड्यांविषयी आणि अब्रूविषयी होता. नावाविषयी फार थोडा होता.

कायदा याबाबतीत वाटतो तितका आंधळा नाही. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची असेल तर मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबा, मालकाला आधी कळवा, मानधन आगाऊ भरा, आणि ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर छापा, असे त्यात सांगितले आहे. हक्क विकून टाकला तरी ‘हे माझे’ म्हणण्याचा लेखकाचा अधिकार उरतो. त्याच दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपले नाव लावून घेण्याचा हक्क दिला. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि इथे हॉलंडात ७० वर्षे कृतीवर मालकी राहते. पुढे ती सर्वांची. पण हे सारे कर्ता ठाऊक असलेल्या गाण्याचे झाले. ओवीचा कर्ता कोण? ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी आलेली. तिच्या चालीला कायद्याच्या लेखी मालकच नाही. म्हणजे आईच्या आवाजाची काही बूज कायदा राखील, पण आईला ज्यांनी ओवी शिकवली त्यांची नाही.

आणि गोची नेमकी इथे होती. मुलांचा बचाव ऐका. कन्या म्हणाली, “बाबा, आम्ही बाकी सगळ्यांची नावं दिली आहेत.” खरेच दिली होती. मूळ खेळ लिहिणाऱ्याचे नाव होते, अक्षरांचा टंक घडवणाऱ्याचे होते, मागचे चित्र काढणाऱ्याचे होते. कारण त्या प्रत्येक फुकट वस्तूबरोबर एक परवाना आला होता, आणि त्यात लिहिले होते की वापरा, बदला, वाटा, मात्र नाव काढू नका. २००२ पासून चालू असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांचा गाभा हाच. मुलांनी अनोळखी माणसांची नावे इमानेइतबारे लिहिली, आणि घरातल्या आजीचे व पणजीचे राहिले, कारण त्यांच्याबरोबर परवाना आला नव्हता. जो लेखी मागतो त्याला मिळते. जो आपला समजून देतो त्याचे राहते. हे आम्हांला फार बोचले, कारण हे पोरांनी आमच्याकडूनच उचलले आहे.

आमची मंडळे पाहा ना. गणपतीच्या कार्यक्रमाची पत्रिका निघते. पहिल्या पानावर प्रायोजक. कुणाचे उपाहारगृह, कुणाचे मसाल्याचे दुकान, कुणाची प्रवासी कचेरी, सारे ठळक अक्षरांत. आत ‘भावगीत, सादरकर्ती सौ. अमुक’. कवी कोण, संगीत कुणाचे, पत्ता नाही. आम्ही स्वतः तीन वर्षे ही पत्रिका तयार करीत होतो. प्रायोजकाच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून आम्ही पाने पुन्हा छापून घेतली आहेत. कवीचे नाव राहिले म्हणून कधी रात्र जागवल्याचे स्मरत नाही. न्यायासनावरून उठून पिंजऱ्यात जावे असे वाटले ते याचसाठी.

आता कुणी म्हणेल, पोरांच्या खेळाला एवढे गंभीर कशाला घेता? परक्या देशात वाढणारी मुले मराठी अक्षरांशी खेळतात, आजीचा आवाज कानांत साठवतात, हेच पुष्कळ नव्हे काय? पुष्कळ आहे, यात शंका नाही. ‘विचारल्याशिवाय हात लावू नका’ अशी पाटी आपण ओवीवर टांगली तर ओवी जात्यासारखीच अडगळीत जाऊन पडेल. परवानगी, पैसा आणि नाव या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोटाळा होतो तो त्या एकत्र कालवल्यामुळे. लोकांच्या चालीसाठी परवानगी कुणाची मागणार? मागू नये. घरगुती खेळासाठी पैसा कुणाला देणार? देऊ नये. पण परवानगी नको आणि पैसा नको, म्हणून नावही नको, हे कुठले तर्कशास्त्र? नाव सांगायला दमडी पडत नाही.

या गावी राहून आम्हांला एक दाखला रोज डोळ्यांसमोर दिसतो, तो बियाणाचा. नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकाराचे हक्क जपण्यासाठी १९६१ साली पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात एक शहाणी सवलत ठेवली आहे. माझे वाण संरक्षित असले तरी ते वापरून तुम्ही नवे वाण पैदा करू शकता, माझी आडकाठी नाही. कारण जुन्यातून घेतल्याशिवाय नवे उगवत नाही, हे पैदासकाराला पुरते ठाऊक. १९९१ साली त्याला पुरवणी जोडली की नुसता वरवरचा फेरफार करून जुनेच वाण नवे म्हणून विकायला काढलेत तर मात्र मूळ मालकाला विचारावे लागेल. संगीतात ‘घेणे कुठे संपते आणि उचलणे कुठे सुरू होते’ यावर वाद घालणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. आपला भारताचा २००१ चा कायदा तर आणखी पुढे गेला. शेतकऱ्याने आपले बी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावेही, फक्त कंपनीच्या ठशाच्या पाकिटात नको. आणि नवे वाण नोंदवणाऱ्याने आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बी वापरले असेल तर तसे उघड सांगितले पाहिजे.

इथल्या विद्यापीठाच्या आवारात देशाची जनुकपेढी आहे. वीस हजारांहून अधिक बियाणांचे नमुने तिथे थंडीत जपलेले आहेत. त्यांतल्या प्रत्येक नमुन्याच्या मूळ नोंदीला तिथली माणसे ‘पासपोर्ट’ म्हणतात. वनस्पती कोणती, कुठल्या देशातून, कुठल्या जागेवरून, कधी, कुणी आणली. बी कुणीही मागवावे, अभ्यासावे, त्यातून नवे पैदा करावे, पण पासपोर्ट बियाबरोबर चालतो. ज्या बियाचा पासपोर्ट हरवला त्याचे मोल उतरते, कारण ते कुठल्या मातीत, कुठल्या पाण्यावर टिकले हे आता कुणालाच सांगता येत नाही. शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही एकदा याविषयी ऐकायला गेलो होतो. मुठीएवढ्या पाकिटामागे एवढी माहिती! आणि आमच्या घरच्या ओवीमागे एक ओळही नाही.

ओवीला असा पासपोर्ट देता येतो, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी कित्येक वर्षे खेडोपाडी सहकाऱ्यांसह फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या लोकांसमोर येत आहेत, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, दारावरच्या पाटीवर नाही, तिचे नाव तिच्या ओवीखाली आहे. ‘लोकगीताला कर्ता नसतो’ असे आपण शाळेत घोकले. कर्ता नसेल, पण गाणारी असते, शिकवणारी असते, गाव असते. तेवढे सांगायला काय हरकत आहे?

खटल्याचा निकाल सांगायचा राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही आईसमोर मुलांना उभे केले. वेगाचे कलम आधी घेतले. मुले म्हणाली, वेग वाढला नाही तर खेळात गंमत येत नाही. आई म्हणाली, मग ढोलाचा वेग वाढवा, ओवीचा नको. हे मुलांना पटले, आणि करून पाहिल्यावर खेळ पहिल्यापेक्षा चांगला झाला असे आमचे प्रामाणिक मत आहे. अक्षरे धडाधड कोसळत असतात, ढोल धावत असतो, आणि ओवी मात्र आपल्या गतीने चाललेली असते.

मग आम्ही जरा खोडसाळपणे विचारले, “आई, तू स्वतः कधी चाल बदलली नाहीस?” आई हसली. लग्न होऊन आली त्या काळात गावात चावडीवर नुकताच रेडिओ आला होता. त्यावर ऐकलेल्या एका सिनेमाच्या गाण्याची चाल तिने पहाटे जात्यावर ओवीला लावली. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या आजीने, जाते थांबवले आणि विचारले, “ही कुणाची गं?” आईला वाटले, आता बोलणी बसणार. तिने भीत भीत सांगितले, रेडिओवरची. आजी म्हणाली, “बरी हाय. पर माझ्या सासूची तेवढी इसरू नको.” आणि मग आपल्या सासूची चाल म्हणून दाखवली. जी मुलांनी खेळात घातली ती हीच. म्हणजे चाल बदलण्याचा गुन्हा आमच्या घरात पिढीजात आहे, आणि त्याला माफीही पिढीजात आहे. ‘कुणाची गं?’ या प्रश्नाला उत्तर देता आले की झाले.

आता खेळ सुरू होताना पहिल्यांदा एक पाटी येते. त्यावर ‘चाल’ असा शब्द आहे, पुढे ‘जात्यावरची ओवी’. खाली गाणारीचे नाव, तिला शिकवणारीचे नाव, तिच्या सासूचे नाव, आणि गाव, तालुका, जिल्हा. पणजीच्या सासूचे नाव कुणालाच आठवेना. कागदपत्रांत तिची ओळख ‘अमक्याची बायको’ एवढीच. आईने गावी चुलत्यांना फोन लावला, त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला विचारले, आणि चार दिवसांनी नाव सापडले. ते नाव ऐकून आई बराच वेळ गप्प बसली. मग नातीला म्हणाली, “लिव. नीट लिव, ऱ्हस्व-दीर्घ बघून.”

वाचकांना आमची विनंती साधी आहे. गणपती जवळ आले आहेत. कुठे मुले नाच बसवतील, कुठे कुणी जुन्या गाण्यावर नवे शब्द रचील, कुठे एखादा हौशी पोरगा संगणकावर दोन गाणी एकात एक मिसळील. करू द्या. मुळीच अडवू नका. फक्त पत्रिका छापायला जाण्यापूर्वी प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ती जुनी ओळ परत आणा. कवी माहीत असेल तर कवी, संगीतकार माहीत असेल तर तो, आणि काहीच माहीत नसेल तर ज्या घरातून, ज्या गावातून ते आले ते. घरात सत्तरीपुढचे माणूस असेल तर त्याला आत्ताच विचारून ठेवा. आम्हांला जे नाव चार दिवसांत मिळाले ते आणखी चार वर्षांनी कदाचित मिळाले नसते.

यंदाच्या पत्रिकेचे काम पुन्हा आमच्याकडे आले आहे. प्रायोजकांची नावे या वेळी शेवटच्या पानावर जातील. त्यावरून मंडळात थोडी कुरबुर सुरू झाली आहे. ती होऊ द्यावी असे आम्ही ठरवले आहे.